तिप्पट अधिक सहा

माझा हात पोरींवर चटकन उठतो, हे मी कधी लपवलं नाही. आठवीच्या अडतीस पोरींना बीजगणित शिकवायचं. त्यातल्या काही, प्रश्न संपायच्या आत उत्तर देणाऱ्या, काहींना साध्या बेरजेलाही बोटं लागायची. तिथे गोड बोलून भागत नाही.

तासाची पहिली पाच मिनिटं मी डोक्याच्या कसरतीला ठेवली होती. एकीनं पुढे यायचं, मनात एक संख्या धरायची, तिचं काय काय केलं ते सांगायचं आणि शेवटी किती आले ते. बाकीच्यांनी उलट्या पावलांनी मागे जायचं आणि मूळ संख्या पाटीवर लिहायची. मी 'पाट्या वर!' म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. संख्या मात्र खऱ्या कशाची तरी हवी. घराच्या पायऱ्या, कोटाची बटणं, आजोबांचे उरलेले दात, काहीही. क्ष म्हणजे भूत नव्हे, हे त्यांच्या टाळक्यात बसायला हवं होतं.

पाटी चुकली की एक पट्टी. लाकडी पट्टी, पितळी कडेची, बोटांच्या पेरांवर.

मोठ्या बाई निवृत्त होणार होत्या आणि त्यांची खुर्ची मला हवी होती. अर्जात मी लिहून दिलं होतं : 'माझ्या वर्गात पाच मिनिटांत प्रत्येक मुलीची पाटी बरोबर येते.' शुद्ध थाप होती. एकदाही तसं झालं नव्हतं. तीन-चार पोरी चुकायच्याच, आणि त्यांत मुंगी ठरलेली. हिला पोरी मुंगी म्हणायच्या, कारण ही हळूहळू, पण थांबायची नाही. मी 'पाट्या वर' म्हणायचे तेव्हा ही निम्म्या वाटेवर असायची. मग घाईनं काहीतरी खरडायची आणि मार खायची.

माझा तो दावा पाहायला तपासनीस येणार होते; त्या तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं पुन्हा चुकीची पाटी वर केली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वेणी धरून तिला फळ्यापर्यंत ओढली. "हात!" म्हणाले. एका चुकीला एक, हा माझाच नियम, पण त्या दिवशी सात मारल्या. पाचवीला तिच्या बोटाचं नख उलटलं. फळ्याखाली रक्ताचे थेंब पडले. ती ओरडली नाही, नुसते ओठ हलवत राहिली. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय.

"उद्या तोंड दाखवू नकोस," मी म्हणाले. "घरी राहा."

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी बाकावर होती. बोटाला चिंधी बांधलेली.

तपासनीस साहेब मागे खुर्चीत बसले. मी आधीच पोपटला पढवून ठेवलं होतं. पोपट म्हणजे वर्गातली सगळ्यांत तल्लख पोर. पण मी "कोण येतंय?" म्हणताच मुंगीनं चिंधीचा हात वर केला. मी न पाहिल्यासारखं केलं.

"ती येऊ दे की," साहेब म्हणाले. "मागच्या बाकावरून हात वर आलाय, बाई. कौतुक आहे."

मुंगी पाटी घेऊन पुढे आली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एक संख्या धरली. तिप्पट केली. सहा मिळवले. पंचाहत्तर आले."

इतकं नेटकं मांडलेलं तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मला खरंच अभिमान वाटला. ते आठवलं की आजही स्वतःची चीड येते.

"पाट्या वर!"

तेवीस, तेवीस, तेवीस. चार पाट्या चुकल्या होत्या. साहेबांनी त्या मोजल्या असणार.

"छान," ते म्हणाले. "पण तेवीस कशाचे, बाळ?"

"पट्ट्या," मुंगी म्हणाली. "बाईंनी मला मारलेल्या. या महिन्यात. कालच्या सात धरून."

देवाचं नाव नव्हतं ते. ती मोजत होती.

त्या क्षणी मला लाज वाटली नाही. भीती वाटली, खुर्ची गेली म्हणून. लाज नंतर आली, आणि आली ती मुक्कामालाच. टेबलावरची पट्टी माझ्या हातात कधी आली ते मला सांगता येत नाही. ती पितळी कडेनं तिच्या तोंडावर बसली. गाल डोळ्याखालपासून फाटला, ती फळ्यावर आदळली आणि खाली बसली. मागे साहेबांची खुर्ची उलटली.

"बाई!" ते ओरडले. "टाका ती पट्टी!"

मुंगी फळ्याला धरून उठली. रक्त हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. तिनं ते पुसलं नाही. वर्गाकडे तोंड केलं.

"आता पंचाहत्तर नाही," ती म्हणाली. "आता अठ्ठ्याहत्तर."

मग पोपटनं बाहीनं पाटी पुसली आणि लिहायला घेतलं. शेजारणीनंही पुसली. मग पूर्ण वर्गात नुसती पेन्सिलींची खरखर. त्या चौघीही लिहीत होत्या.

मी 'पाट्या वर' म्हणाले नव्हते. तरी पाट्या वर आल्या, एकेक करत, शेवटी मुंगीची. अडतीस पाट्यांवर चोवीस.

पाच मिनिटं अजून झाली नव्हती, आणि प्रत्येक मुलीची पाटी बरोबर होती.