पिंपातला जीव

शिवमूर्तीअप्पांनी दाळमिलच्या किल्ल्या रुद्रेशच्या, म्हणजे मुलाच्या, हातात ठेवल्या आणि लातूरच्या त्या गल्लीत एका बाईचं नशीब फिरलं. ती बाई म्हणजे त्यांची बायको, शिवकांताबाई. जन्मभर हा माणूस सकाळी जायचा आणि दिवेलागणीला यायचा, त्यामुळं बाईंचा संसार सुखाचा झाला होता. आता अप्पा दिवसभर घरात, आणि घरात म्हणजे स्वयंपाकघरात. "वरणात एवढं पाणी कामून घातलं?" "कढई अशी पालथी ठिवतेत व्हय?" मिलमधल्या हमालांवर चालायचा तो आवाज आता दोन बायका आणि एका मिक्सरवर चालायला लागला. त्यातला मिक्सर तेवढा उलट बोलायचा.

अशाच एका सकाळी अप्पांची नजर ओट्याच्या कोपऱ्यातल्या काचेच्या बरणीवर गेली. आत पांढरट, चिकट असं काहीतरी बुडबुडत होतं. सून अंबिका नांदेडची. तिला घरी पाव आणि पिझ्झा भाजायचा नाद होता आणि रुद्रेशनं वाढदिवसाला छोटा ओव्हन आणून दिल्यापासून तर विचारूच नका. अप्पांनी झाकण काढून वास घेतला, नाक मुरडलं आणि बरणी मोरीत ओतायला निघाले.

"मामा, थांबा!" अंबिका हातातलं धुणं टाकून धावली. "ओतू नका, जिवंत आहे ते!"

अप्पांचा हात तसाच हवेत राहिला. "काय हाय?"

"जिवंत. स्टार्टर म्हणतात त्याला. मैदा न् पाणी कालवून ठेवलं की त्यात बारीक बारीक जीव तयार होतात. त्यांना रोज खाऊ घालायचं. त्यांच्यामुळंच तर पीठ फुगतं. उद्या पिझ्झा करायचाय मला."

"मंग त्या जिवांचं काय होतं?"

बिचारी खरं बोलून बसली. "काय होणार? ओव्हनमध्ये भाजून निघतात."

झालं! अप्पांनी बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली. ज्या घरात कधी अंडं शिवलं नाही, ज्यांच्या मिलमध्ये तुरीतले भुंगेसुद्धा सुपात धरून बाहेर सोडले जायचे, त्या घरात सून बटण दाबून जीव भाजणार? ते तसेच बरणीसकट बैठकीतल्या बसवण्णांच्या फोटोपुढं जाऊन उभे राहिले. "बसवण्णा, तुमच्याम्होरं सांगून राहिलो. मी जित्ता हाय तवर ह्या घरात असल्या जिवाची हत्या होणार न्हाई!"

शिवकांताबाई दारात येऊन उभ्या होत्या. फोटोपुढं दिलेला शब्द हा माणूस मोडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एकदा असंच बोलून त्यांनी तंबाखू सोडली होती, आणि पुढचं वर्षभर घरादाराला धारेवर धरलं होतं.

अंबिकाही काही कमी नव्हती. दुपारी पंगतीत ती हळूच म्हणाली, "मामा, दह्यात बी जीव असतात. विरजण म्हणजे दुसरं काय? तेच की."

तिला वाटलं, आता सासरे गप्प बसतील. अप्पांच्या हातात तेव्हा ताकाचा तांब्या होता. आता हा तांब्या म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि त्यावर जिरं-हिंग घातलेलं गार ताक, ह्याच्यासाठी अप्पा लातूरचा उन्हाळा काढायचे. सोनं द्या, नको म्हणतील. ताक द्या, पुन्हा तांब्या पुढं करतील. तो तांब्या ओठांपासून बोटभर अंतरावर थांबला. अप्पांनी ताकाकडं बघितलं, सुनेकडं बघितलं, बैठकीतल्या फोटोकडं बघितलं आणि तांब्या खाली ठेवला.

"मंग आजपासून दही बी बंद."

शिवकांताबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "यव्वा! तुला कोण सांगितलं होतं गं तोंड उघडायला?"

दह्यामागं ताक गेलं, कढी गेली, सोमवारची इडली गेली, ढोकळा गेला. "आणि आंबवलेल्या लोणच्यात तर..." अंबिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा सासूनं उठून तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणून लोणचं वाचलं.

राहिली बरणी. अंबिकानं चमचा सासऱ्यांच्या हातात दिला आणि रीत सांगितली: रोज अर्धं काढून टाकायचं आणि उरलेल्यात नवा मैदा, नवं पाणी घालायचं.

"काढून टाकायचं? जित्तं?"

"मग सगळं ठेवा. पण जेवढं असंल तेवढाच नवा मैदा रोज खायला लागतो त्याला. न्हाईतर उपाशी मरतं. तुमचा जीव, तुम्ही सांभाळा." आणि ती पंखा लावून आडवी झाली.

अप्पांनी सांभाळला. त्यांनी एक कणही टाकला नाही. आज होतं त्याच्या दुप्पट उद्या व्हायचं आणि परवा त्याच्या दुप्पट. बरणीतून ते कळशीत गेलं, कळशीतून पातेल्यात, तिथून लग्नकार्याच्या हंड्यात. फ्रिजमध्ये मावेना, आणि मावलं असतं तरी गारठून मेलं तर काय, म्हणून अप्पांनी ठेवलं नसतं. दुकानातून मैद्याचा कट्टा, म्हणजे अख्खं पोतंच, आलं. दुपारी बाहेर कावळा फिरकत नव्हता तेव्हा अप्पा हंड्याला ओलं फडकं गुंडाळत बसायचे, कूलरचं तोंड त्याच्याकडं फिरवायचे आणि स्वतः घामानं निथळायचे. शेवटी हंडाही भरला आणि ते सगळं कोठीच्या खोलीतल्या निळ्या पिंपात गेलं.

इथं मात्र शिवकांताबाईंचा तोल गेला. लातुरात एक वेळ माणसाचं सोनं घ्या, पिंप घेऊ नका. "नळ आला की पाणी कशात भरू? तुमच्या टोपीत?"

"थोडी कळ काढ," अप्पा म्हणाले. पण त्यांचाही जीव आता मेटाकुटीला आला होता, तो ताकापायी. शेजारच्या तनुजाच्या घरून रवीचा आवाज आला की घास तोंडातच फिरायचा. एकदा ते गंजगोलाईच्या बाजारात लस्सीच्या गाड्यापुढं बराच वेळ उभे राहिले. शब्द दिला तो 'ह्या घरात' असा दिला होता. गाडा काही घरात नव्हता. पण तसल्या पळवाटा त्यांनी आयुष्यात व्यापाऱ्यांनासुद्धा काढू दिल्या नव्हत्या, म्हणून ते कोरड्या तोंडानं घरी आले. शब्द मोडला तर बायको मरेपर्यंत ऐकवणार, आणि नाही मोडला तर आपण ताकाविना वैशाखातच जाणार, अशी गत झाली होती.

मग त्यांना गुरुपादय्या स्वामी आठवले. स्वामी घराण्याचे गुरू, वयोवृद्ध. त्यांनी आपण होऊन 'चालतं' म्हणलं की मिटलं. शब्दही राहील आणि ताकही मिळेल. अप्पांनी लगेच सोमवारचं निमंत्रण धाडलं, प्रसादाला या म्हणून. कसं विचारायचं ते काही त्यांनी ठरवलं नव्हतं. स्वामी आले की आपोआप निघेल काहीतरी, असं त्यांना वाटत होतं.

सोमवारी स्वामी भर उन्हाचे रिक्षातून उतरले. 'शरणार्थ' म्हणून नमस्कार झाले, पाय धुऊन झाले, पूजा झाली. अंबिकानं पान वाढलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरलं वांगं. स्वामींनी दोन घास खाल्ले, उपरण्यानं मान पुसली आणि म्हणाले, "आधी ताक आना माय. उन्हानं पार वाळून गेलो बघा."

अंबिका भिंतीकडं बघायला लागली. शिवकांताबाईंनी पदर तोंडाला लावला, तो रडायला की हसायला, कळायला मार्ग नव्हता.

"स्वामीजी, लिंबाचं सरबत चालंल का?" अप्पांनी विचारलं.

"नगं. ताकच बरं."

आता अप्पांच्या ध्यानात आलं की आपण केवढ्या खड्ड्यात उतरलोय. ताक का नाही, हे सांगायचं तर दह्यात जीव असतात हे सांगावं लागणार. आणि ते सांगायचं तर त्याचा अर्थ काय होतो? आपले गुरू ऐंशी वर्षं रोज जेवताना जीवहत्या करून राहिले, असा होतो! "त्याचं असं हाय, स्वामीजी..." एवढंच बोलून ते खोकले. मग पुन्हा खोकले.

तेवढ्यात कोठीच्या खोलीत धडाड् असा आवाज झाला. पिंपाच्या झाकणावर ठेवलेला खलबत्ता खाली पडला होता. सकाळच्या गडबडीत अप्पा कूलर इकडं स्वामींसाठी घेऊन आले होते आणि त्या बंद खोलीत उन्हानं आपलं काम केलं होतं. दाराखालून आधी एक पांढरी जीभ आली. मग ती रुंद होत होत उंबऱ्यावरून घरंगळली आणि बुडबुड करत स्वामींच्या पाटाकडं निघाली.

स्वामींनी दोन्ही पाय वर घेतले. "शिव शिव! शिवमूर्तीअप्पा, हे काय येऊन राहिलंय?"

"जीव हाय, स्वामीजी," अप्पा रडकुंडीला येऊन म्हणाले, आणि मग सगळं घडाघडा बोलून गेले. बरणी, फोटो, दही, तांब्या, पिंप, सगळं. लपवायला आता उरलं होतं काय? उंबऱ्यावरूनच येत होतं.

स्वामींनी पाय खाली न सोडताच सगळं ऐकून घेतलं. "बरं. जीव हाय म्हणता. मंग हा जीव दिवसभर करतो काय?"

"खातो," अप्पा म्हणाले.

"आन?"

"फुगतो."

"अन् काय करतो म्हून विचारा की मला!" शिवकांताबाई एकदम पुढं आल्या. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. "स्वामीजी, मी ह्या घरात नवी नवरी होऊन आले तवापासून एकच ऐकलं, कायक, आपल्या वाट्याचं काम, केल्याबिगर ताटावर बसायचं न्हाई. माझ्या सासूबाई डोळ्यांनी दिसंना तरी वाती वळायच्या. आन हे? सकाळी उठतं, खातं, फुगतं, जागा अडवतं, आन सगळ्या घरानं ह्याच्या तालावर नाचायचं! जीव हाय तर कामाला लावा की त्याला! किती जणांना बसून खाऊ घालू मी?"

बुडबुड तेवढी ऐकू येत होती. अप्पांनी मनात हिशेब केला. पिंप तर एकच होतं. मग 'किती जणांना' कशी म्हणाली ही? त्यांनी वर बघितलं, तर शिवकांताबाई पिंपाच्या खोलीकडं बघतच नव्हत्या. त्या सरळ त्यांच्याकडं बघत होत्या. अप्पांची नजर हळूहळू खाली गेली, स्वतःच्या पोटावर येऊन थांबली, आणि त्यांना लई वाईट वाटलं. किल्ल्या दिल्यापासून आपण तरी दुसरं काय केलं, हे त्यांना आठवेना.

स्वामी इतके हसले की त्यांना ठसका लागला. "निकाल झाला की! माय म्हणते तेच खरं. फुगवणं हेच ह्याचं कायक. करू द्या त्याला. आन चार लोकांच्या पोटात गेलं तर दासोह झाला, अन्नदान झालं, हत्या कशाची? आता कुणी ताक देतं का, का मी शेजारी जाऊ?"

अंबिका धावत तनुजाकडून ताकाची बरणी घेऊन आली. स्वामींचा तांब्या भरला. अप्पांनी लगेच आपला तांब्या पुढं केला, तर शिवकांताबाईंनी तो काढून घेतला.

"आधी काम."

आणि अप्पा कामाला लागले. सदरा काढून, नुसत्या बंडीवर. अंबिका सांगेल तेवढं पीठ, तेवढं मीठ, आणि मग मळणं. त्या पिंपातलं सगळं मळायला परात पुरेना, तेव्हा फरशी धुऊन त्यावर मळलं. "मामा, अजून मऊ." "मामा, ओढून दुमडा, असं." हमालांवर ओरडणारा तो आवाज तोंडातून निघतच नव्हता, कारण श्वास पुरत नव्हता. ओव्हनमध्ये दोनच पिझ्झे मावायचे, म्हणून शिवकांताबाईंनी भाकरीचे तवे चढवले आणि वरून पातेली झाकली. कांदा, टोमॅटो, चीज आणि वर शेंगदाण्याची चटणी. वास गल्लीत पसरला. पलीकडच्या होस्टेलमधली क्लासची पोरं-पोरी पुस्तकं हातात घेऊन खिडकीत आली, मग जिन्यात आली, मग दारात रांग लागली. स्वामी निघायचे होते, ते ओसरीवर बसून राहिले. त्यांनी तीन खाल्ले.

दिवेलागणीला रुद्रेश मिलमधून आला. बघतो तर बाप कोपरापर्यंत पिठात, मिशीला मैदा, बंडी घामानं चिंब.

"अप्पा! हे काय करून राहिलात?"

"दिसत न्हाई का? कामाला हाय. हो बाजूला."

शेवटचा गोळा तव्यावर गेला आणि निळं पिंप रिकामं झालं. तळाशी वाटीभर उरलं होतं, ते अप्पांनी हळूच बरणीत काढून ठेवलं. मग ते भिंतीला टेकून बसले. शिवकांताबाई ताकाचा तांब्या घेऊन समोर आल्या.

"घ्या."

अप्पांनी दोन्ही हात दाखवले. दहाच्या दहा बोटांना पीठ चिकटलं होतं.

"मंग आ करा."

अप्पांनी आ केला. बायकोनं तांब्या तोंडाला लावला आणि त्यांनी डोळे मिटून एका दमात तो संपवला. मिशीवरचा मैदा ताकात भिजला.

"उद्या कितीला येणार कामावर?" शिवकांताबाईंनी विचारलं.

"सहाला."

"आन माझ्या कढईकडं बघायचं न्हाई."

"हाव," अप्पा म्हणाले आणि दुसऱ्या तांब्यासाठी त्यांनी पुन्हा आ केला.