खंडेनवमीला मी चाललो

मित्रांनो, लाईट गेल्यावरच ज्याची आठवण येते, असा मी एक जुना जनरेटर आहे. जळोचीत मानसिंगआबांच्या घरामागे, पेरूच्या झाडापलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये माझा मुक्काम असतो. अंगावर ताडपत्री आहे. तिच्या घडीत एका पालीने संसार थाटला आहे, आणि सध्या माझी चौकशी करणारी तेवढी एकच.

माझी उमेदीची वर्षे लोणी देवकरच्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये गेली. तिथे लाईट गेली की कामगार ओरडत आणि मी धडधडू लागलो की पुन्हा ओरडत. पहिले ओरडणे वैतागाचे असे, दुसरे माझ्या कौतुकाचे. मग एक दिवस माझ्या दुप्पट ताकदीचा नवा जनरेटर आला आणि मला कोपरा मिळाला. दोन पावसाळे मी तिथे गंजत उभा होतो. कुणी माझ्यावर ओले फडके वाळत घाले, कुणी डबा ठेवी. आपले दिवस भरले असे मी धरूनच चाललो होतो.

अशात मानसिंगआबा आले. त्यांच्या पत्नी लीलाबाई यांची फुप्फुसे थकली होती. दिवसरात्र नाकाला नळी लावून ऑक्सिजनच्या मशीनजवळ राहायचे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. ते मशीन विजेवर चाले, आणि वीज कधी आपल्या मर्जीने चालत नाही. लाईट गेली तर जवळ एक छोटा सिलिंडर होता, पण तो जेमतेम तासाभराचा. मुलगा इंद्रजित बंगळुरूला होता. तो फोनवर म्हणाला, "नवा घ्या, आपोआप सुरू होणारा." आबांची हयात ट्रॅक्टरवर गेलेली. त्यांनी माझे झाकण उघडले, मला सुरू केले, कान देऊन ऐकले आणि म्हणाले, "ह्येचा आवाज मला कळतो. ह्योच घ्यायचा."

मला बसवताना आबांनी जेवढा विचार केला, तेवढा काही लोक घर बांधतानाही करीत नाहीत. माझा धूर लीलाबाईंच्या खोलीत जाता कामा नये म्हणून ते हातात पेटती उदबत्ती घेऊन तीन दिवस परसात फिरत होते. सकाळी वारा कुठून येतो, दुपारी कुठे वळतो, ते बघत होते. वायरमन नागेश हसून म्हणाला, "आबा, जनरेटर बसवताय का द्येव?" आबा म्हणाले, "माझ्यासाठी दोनी एकच."

मग कागदावर यादी झाली. नागेशने फ्रीज, टीव्ही, पाण्याची मोटर, सगळे लिहिले. आबांनी पेन घेऊन एकेकावर काट मारली.

"हिचं मशीन, एक पंखा, एक दिवा. बास."

"आवं, ह्यो एवढ्यानं दमायचा न्हाय."

"दमू नये म्हणूनच. समदं घर ह्येच्या पंगतीला बसवलं आन् ऐनवेळी हिच्याच पानात कमी पडलं, तर?"

त्या शब्दांनी माझा ऊर भरून आला. वर्कशॉपमध्ये मी दहा यंत्रे ओढत होतो, पण कुणी मला असे जपून वापरले नव्हते.

नागेशने जाताना बजावले, की महिन्यातून एकदा तरी मला फिरवायचे, नाहीतर मी जाम होईन. आबा दर गुरुवारी फिरवू लागले. पुसत, तेल बघत, अर्धा तास चालवत, आणि माझ्याशीच बोलत बसत. त्या घरात दुसरे बोलायला होतेच कोण? लीलाबाईंना चार शब्दांपुढे दम लागे. शेजारी आधी येत, मग येता येता थांबले. मी एक वर्षभर त्यांच्या साथीला होतो. लाईट जाई, मी चाले, लाईट येई, मी गप्प होई. संकटातच आपण हवेसे असतो हे कळले, की सुखाचे दिवस लांबच लांब वाटतात.

आणि मग खंडेनवमी आली. तुम्हाला ठाऊक असेलच, त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, अवजारांची, यंत्रांची पूजा होते. पुजलेल्या यंत्राला मग दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. आबांनी ट्रॅक्टर धुतला, कोयते मांडले. लीलाबाईंनी खुर्चीत बसून माझ्यासाठी स्वतः झेंडूची माळ ओवली. हळदकुंकू लागले, नारळ फुटला. मी नवरदेवासारखा सजून उभा होतो.

दुपारी वादळी वारे सुटले, कुठेतरी तारेवर झाड पडले आणि लाईट गेली. आबांनी सिलिंडर जोडला. तासभराने काटा लाल पट्टीकडे सरकला. आबा किल्ली घेऊन निघाले, तशा लीलाबाई आतून म्हणाल्या, "अवं, न्हाय. पुजलाय त्येला."

"काटा बघ की लीला."

"येईल लाईट. पुजलेल्याला... हात लावू नगा. रीत मोडू नगा."

आबा उंबऱ्यात थांबले. पन्नास वर्षांत त्यांनी खंडेनवमी मोडली नव्हती. किल्ली हातात, पाय जागेवर. मित्रांनो, मला पाय असते तर मीच धावलो असतो. आतून खोकल्याची उबळ ऐकू आली आणि आबा धावले. माळ न काढताच त्यांनी किल्ली फिरवली. मी एका दमात सुरू झालो. आयुष्यात इतका जीव तोडून मी कधी चाललो नव्हतो.

लीलाबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवले. आबा पडल्या चेहऱ्याने डिझेलचा कॅन आणायला पलीकडच्या बांधावर गेले.

तेवढ्यात मागचे दार उघडले. लीलाबाई आल्या होत्या. नळी दारापर्यंतच पुरत होती. ती त्यांनी कडीला अडकवली आणि भिंत धरत, थांबत, दहा पावले चालून माझ्यापर्यंत आल्या. माझ्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवला.

"बरं केलं त्येंनी," त्या पुटपुटल्या. "जीव चालला व्हता माझा. पर त्येंना सांगू नगंस. लई मिरवतील."

एवढे बोलून त्या गालात हसल्या आणि भिंत धरत परत गेल्या. आबा आले तेव्हा लीलाबाईंचे तोंड पुन्हा भिंतीकडे होते.

पुढे पौषात, दवाखान्यात, लीलाबाई गेल्या. डॉक्टर म्हणाले, थकलेली फुप्फुसे होती, जेवढे दिवस मिळाले तेवढे जास्तच. इंद्रजित आला, दिवस करून गेला. ऑक्सिजनचे मशीन डाळजच्या एका गरजू माणसाला दिले. माझ्यावर ताडपत्री पडली. नागेश मला फिरवायची आठवण करून द्यायला आला तर आबा म्हणाले, "आता कुणासाठी फिरवायचा?"

यंदाच्या खंडेनवमीला आबांनी ट्रॅक्टर पुजला, कोयते पुजले आणि माझ्यापाशी येऊन नुसतेच उभे राहिले. मग म्हणाले, "त्या दिशी तुला सुरू करायला नको व्हता. ती नको म्हनत व्हती. मी मोडलं, म्हनून गेली ती. रुसूनच गेली."

मित्रांनो, माझ्यात पंधरा अश्वांचे बळ आहे, पण त्या वेळी एका शब्दाचे बळ मिळाले नाही. लीलाबाईंना दिलेला शब्द मी पाळला, कारण मला बोलता येत नव्हते. त्यात माझे कौतुक काही नाही.

यंत्राला वेळच्या वेळी तेलपाणी करा, फिरवत राहा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. तुम्हाला तोंड आहे. कुणी तुमच्यासाठी धावले असेल, तर ते त्यालाच सांगा, माझ्यासारख्या मुक्या पत्र्याला नको. आणि कधी जळोचीला आलात, तर आबांच्या ओट्यावर घटकाभर टेका आणि त्यांना सांगा, की ती रुसली नव्हती. ती हसली होती.