पुढच्या चाकांचा बेंदूर

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि माझ्या कंपनीचं नाव ब्रॅमली. ऐकलंय कधी? नाही ना? अहो, कुणीच ऐकलेलं नाही. सोलापुरात मी रस्त्याकडेला उभी राहिले की येणारा-जाणारा विचारायचा, "ही कुठली जीप म्हणायची?" जीप म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी जीप नाही. माझं नाक बसकं आहे, दिवे जवळजवळ आहेत आणि दार लावलं की धाडकन आवाज होतो. पण माझी चारही चाकं ओढतात. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझी सगळी कहाणी त्यातच आहे.

माझा जन्म विलायतेतला. बोटीतून इकडे आले आणि एका धरणाच्या कामावर साहेब लोकांना घेऊन चिखलातून हिंडले. माझ्या मोठ्या गिअरच्या दांड्याला लागून एक छोटा दांडा आहे. तो पुढं टाकला की मागच्या चाकांच्या जोडीला पुढची चाकंही ओढू लागतात. टाकला नाही तर पुढची चाकं नुसती सोबत फिरतात. धरणावर तो दांडा दिवसभर पुढं-मागं व्हायचा. कितीही राड असू द्या, मी आपली बाहेर! साहेब माझ्या बॉनेटवर थाप मारायचा. काय सांगू, ते दिवस फार चांगले होते.

मग कामावर जीपा आल्या. त्यांचे सुटे भाग कुठल्याही गॅरेजात मिळायचे, माझा साधा नट मिळायची मारामार. माझा लिलाव झाला आणि मी सोलापूरला विजापूर रस्त्यावर खाजाभाईंच्या आवारात येऊन पडले. खाजाभाई जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायचे. गिऱ्हाईक यायचं, जीपांभोवती घुटमळायचं आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायचं. एका कोंबडीनं माझ्या मागच्या सीटवर अंडी घालायला सुरुवात केली. मी काय करणार? मला हॉर्न आहे, पण तो दुसऱ्यानं दाबला तरच वाजतो.

एकाहत्तर सालच्या दिवाळीनंतर आप्पा आणि मथुराबाई आवारात आले. सांगोल्याच्या बाजूला एका वस्तीवर त्यांचं घर होतं. मूलबाळ नव्हतं, दोघंच एकमेकांना. वस्ती आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये एक ओढा होता आणि मथुराबाईंना दमा होता. मागच्या पावसाळ्यात त्यांना जोराची धाप लागली, बैलगाडी ओढ्यात रुतली आणि त्या दवाखान्यात पोचल्या तेव्हा अगदी शेवटच्या श्वासावर होत्या. डॉक्टरांनी आप्पांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "इंजेक्शन वेळेत मिळालं तर बाई जगतील. पुढच्या वेळी उशीर झाला तर माझ्या हातात काही नाही." म्हणून आप्पांना गाडी हवी होती. कारखान्यावर ट्रॅक्टर चालवलेला माणूस, स्टिअरिंगची सवय होतीच. पण जीप त्यांच्या आवाक्यातली नव्हती.

खाजाभाई म्हणाले, "आप्पा, ये देखो. नाव कुणाला माहीत नाही म्हणून स्वस्त आहे. पण वढ्यात जीपला मागं टाकंल."

मग आप्पांनी मला पारखायला घेतलं. अहो, कशी पारख ती! सांगोल्याच्या बाजारात बैल बघतात तशी. आधी लांबून बघितलं. मग जवळ येऊन पाठीवर थाप मारली. बॉनेट उघडून जबड्यात डोकावावं तसं आत डोकावले. चाकांना एकेक करून हात लावला. आवारात गोल फिरवायला लावलं आणि स्वतः खाली बसून बघत राहिले, कुठल्या पायानं लंगडते का म्हणून. खाजाभाईंना हसू आवरेना.

"आप्पा, शिंगं बघायची राह्यली की!"

"हसू नगा खाजाभाई," आप्पा म्हणाले. "माज्या बाईचा जीव हिच्यावर सोडायचाय."

खाजाभाई हसायचे थांबले. मग दोघांनी टॉवेलाखाली हात घातले आणि बोटं दाबून दाबून सौदा केला, तोंडानं एक शब्द न बोलता. मथुराबाई तेवढ्यात माझ्या मागच्या सीटवर बसून बघत होत्या. कोंबडीला त्यांनी हळूच उचलून खाली ठेवलं. "लई मऊ हाय की वो," त्या म्हणाल्या. मला त्या बाई तिथंच आवडल्या.

निघताना खाजाभाईंनी छोटा दांडा दाखवला. "ह्यो टाकला की चारी चाकं वढत्यात. अधनंमधनं टाकत जा, आप्पा. नुसता ठेवला तर जाम हुतोय." आप्पांनी मान डोलावली. मित्रांनो, माझ्या आयुष्याचं सगळं वाटोळं त्या मान डोलावण्यात होतं.

कारण आप्पा होते बैलवाले. म्हाताऱ्या बैलाला रोज नांगराला जुंपायचं नाही, कस राखून ठेवायचा, अवघड दिवशी तोच बैल मग गाडी बाहेर काढतो, हे त्यांच्या रक्तातच होतं. घरी आल्यावर ते मथुराबाईंना म्हणाले, "जुना जीव हाय ह्यो. फुडच्या चाकांचा कस आपुन राखून ठेवायचा. तुज्या नडीला."

आणि त्यांनी सोलापुरी चादरीचा एक जाड तुकडा छोट्या दांड्याला गुंडाळला, वरून सुतळीनं आवळून बांधला. म्हणजे चुकूनसुद्धा कुणाचा हात लागायला नको.

आषाढात बेंदूर आला. बैलांना त्या दिवशी जू लावत नाहीत. त्यांना धुतात, रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. आप्पांनी बैलांच्या रांगेत मलाही उभं केलं. दिव्यांना गोंडे बांधले, नाकाला हळद-कुंकू लावलं, बॉनेटवर पोळी ठेवली. वस्तीवरची माणसं हसून हसून बेजार. शेजारचा भीमा म्हणाला, "आप्पा, बैलांचा बेंदूर आजच्या दिवस. पर तुमच्या गाडीच्या फुडच्या चाकांना रोजच बेंदूर की!"

सगळे हसले. मीही मनात हसले. खोटं कशाला बोलू, इतकी माया मला जन्मात कुणी केली नव्हती.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. तो बहात्तरचा दुष्काळ. ओढा कोरडा ठणठणीत पडला, तो ओलांडायला मागची दोन चाकं पुष्कळ होती. मी टँकरच्या ठिकाणाहून पाण्याची पिंपं वाहिली, जनावरांना चारा वाहिला. पिंपं हिंदकळायची आणि पाणी माझ्या तळावर सांडायचं. चादरीचा तुकडा ते पाणी पिऊन घ्यायचा आणि दिवसदिवस ओला राहायचा. पाणी दांड्यावरून झिरपून खाली सांध्यात जायचं. मला कळत होतं हो! आधी सांधा कुरकुरला. मग जड झाला. मग एके दिवशी त्या जागी मला काही जाणवेनासंच झालं. आपलाच एक अवयव मेला आणि आपण जिवंत, असं झालं मला. आप्पा रोज सकाळी माझी काच पुसायचे, टायरचे खडे काढायचे, रेडिएटरला स्वतःच्या वाट्याचं पाणी घालायचे. आणि मी रोज ओरडायचे, आप्पा, ते फडकं सोडा, एकदा सोडा! पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठला?

एकदा मथुराबाईच म्हणाल्या, "आवं, त्यो दांडा एकदा टाकून तर बगा. खाजाभाई म्हनलं व्हतं न्हवं?"

"कशाला उगं झिजवायचं? नड पडली की टाकू," आप्पा म्हणाले. त्यांचं बोलणं इतकं मायेचं होतं, की बाईंनी ती सुतळी तशीच राहू दिली.

त्र्याहत्तर साली पाऊस आला. ओढ्याला घोट्याएवढं पाणी खेळायला लागलं. त्यातूनही मी मागच्या चाकांवर निघायचे आणि आप्पा छाती फुगवून वस्तीवर सांगायचे, "आजून निम्मी ताकद शिल्लक हाय तिची!"

मग हस्ताचा पाऊस लागला. तो रात्रभर कोसळला. सकाळी उघडलं, ओढ्याचं पाणी उतरलं, पण तळाला नुसता मऊ गाळ येऊन बसला. आणि त्याच सकाळी मथुराबाईंना धाप लागली.

आप्पांनी त्यांना उचलून माझ्या मागच्या सीटवर ठेवलं. भीमा त्यांना धरून बसला. आप्पांच्या तोंडावर काळजी होती, पण भीती नव्हती. एवढ्यासाठीच तर सगळं राखून ठेवलं होतं. ओढ्याच्या मधोमध माझी मागची चाकं गाळात बसली आणि जागीच गरगर फिरायला लागली.

"घाबरू नगंस," आप्पा मागं वळून म्हणाले. "आता फुडची लावतो."

त्यांनी सुतळी तोडली. फडकं सोडलं. आत दांडा तांबूस झाला होता. आप्पांनी तो पुढं ढकलला. हलला नाही. दोन्ही हातांनी ढकलला. पायानं रेटला. मित्रांनो, मी माझ्या लोखंडाच्या कणाकणानं जोर लावायला बघत होते. पण गाडीला स्वतःचा जोर नसतो. माणसानं दिलेलाच जोर ती पुढं देते. आप्पांनी खाली उतरून दगड आणला आणि दांड्यावर घाव घालायला लागले. मागं मथुराबाईंच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

त्या तसल्यातही बोलल्या, "आवं... नगा मारू तिला. तिची काय चूक?"

आप्पांच्या हातातला दगड गळून पडला.

बाईंना उचलून पलीकडं न्यायचं तर गुडघाभर गाळात आप्पांचा पाय ठरेना. भीमा चिखल तुडवत वस्तीकडे पळाला, बैल आणायला. आप्पा मागं जाऊन बसले, बाईंचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालत राहिले. मी मधोमध उभी. पलीकडे डांबरी रस्ता दिसत होता. एक एसटी थांबली, माणसं उतरली, एसटी निघून गेली. मला सगळं दिसत होतं आणि मला काहीच करता येत नव्हतं. बैल आले, दोर लागले, त्यांनी मला ओढून काठावर आणलं. पण मागच्या सीटवरचा तो शिट्टीसारखा आवाज त्याच्या आधीच थांबला होता.

त्यानंतर मी ओढ्याच्या काठावरच पडून राहिले. आप्पा तिकडं फिरकले नाहीत. बातमी कळल्यावर खाजाभाई एसटीनं आले. ते आप्पांपाशी नुसते बसून राहिले. 'मी तेव्हाच सांगितलं होतं' असं एका शब्दानंही बोलले नाहीत. मग त्यांनी रॉकेलचा डबा मागितला, माझ्याखाली सरपटत गेले, सांध्यात रॉकेल ओतलं, थांबले, हळूहळू ठोकलं, पुन्हा ओतलं. दुपारच्या जेवणाच्या आत दांडा सुटला. खट्ट करून पुढं गेला. माझा मेलेला अवयव जिवंत झाला आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

खाजाभाई आप्पांना हाताला धरून ओढ्यावर घेऊन आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "आप्पा, एकदा चालवा तिला."

आप्पा बसले. छोटा दांडा पुढं टाकला आणि मला ओढ्यात घातलं. गाळ तोच होता. मी चारही चाकांनी तो धरला आणि सरळ पलीकडे गेले. ना रुतले, ना अडखळले. पलीकडच्या काठावर आप्पांनी गाडी बंद केली.

"एवढंच व्हतं व्हय?" ते म्हणाले. मग मागच्या सीटकडे वळून पुन्हा म्हणाले, "एवढंच व्हतं की गं!" आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ते मोठ्यानं रडले. त्यांच्या कपाळानं हॉर्न दाबला गेला आणि मी पहिल्यांदाच त्यांच्याबरोबर ओरडले.

आता वस्तीवर कुणीही आजारी पडलं तरी आप्पा मला काढतात. बाजाराच्या दिवशी काम नसलं तरी छोटा दांडा टाकून ओढ्यातून एक फेरी मारतात. मागची सीट रिकामी असते, पण ते ती झटकून घेतात. चादरीच्या तुकड्यानंच झटकतात.

मित्रांनो, मला सगळे म्हणायचे, नशीबवान गाडी, मालक किती जपतो! जपलं हो, फार जपलं. पण तुमच्या घरात नडीला म्हणून काही बांधून ठेवलेलं असेल, तर ते आज सोडा, वापरून बघा, चालतंय का ते बघा. ते बिघडलं असेल तर तुम्हाला सांगणार नाही. आम्हाला सांगता येत नाही.