चाळिसाचा पट

निजामाच्या राज्यात, फसली सन तेराशे तीसच्या उन्हाळ्यात हुकूम आला की ज्या शाळेच्या पटावर चाळीस विद्यार्थी नसतील, ती बंद करून शेजारच्या गावच्या शाळेत मिळवावी. आमच्या आंबेटाक्याच्या शाळेत बावीस होते. त्यातला एक वर्षभर मामाकडं राहत होता. नदीपलीकडच्या घोडकवाडीत एकोणीस. म्हणजे सरकारच्या हिशेबानं दोन गावांत मिळून एक शाळा होती आणि एक नव्हती.

कोणती नव्हती, एवढंच ठरायचं राहिलं होतं. पावसाळ्यात नदी कमरेच्या वर जायची. ज्या गावची शाळा जाईल त्या गावची पोरं चार महिने घरी बसणार आणि पाचव्या महिन्यात गुरांमागं जाणार, हे सगळ्यांना दिसत होतं. शाळेबरोबर तिचा मास्तर म्हणून मीही जाणार होतो, पण त्याबद्दल गावात कुणी हळहळलं नाही.

घोडकवाडीचे रहमतुल्ला मास्तर माझ्याहून तीस वर्षांनी मोठे. ते म्हणाले, "बेटा, चाळीस तुझीही आहेत, चाळीस माझीही आहेत. फक्त एकाच वेळी नाहीत."

बीडहून तालीमातीचे मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, सकाळी घोडकवाडीला येणार होते आणि दुपारी आमच्याकडं. साहेबांची बैलांची दमणी रस्त्यानं वळसा घेऊन येणार. तेवढ्यात सगळी पोरं नदीतून पळत येणार. घोडकवाडीच्या पटासाठी आमच्या प्रत्येक पोराला एक जादा नाव दिलं. बंकट तिकडं हैदर झाला. त्याला ते इतकं आवडलं की घरीही हैदर म्हटल्याशिवाय जेवेना. त्याची आई छबुबाई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती.

तपासणीच्या दिवशी पोरं उजाडताच गेली. शाळा भरायची त्या चावडीत मी एकटा. फळा सहा वेळा पुसला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं. पाटावर बसलो, उठलो, दारात गेलो, परत आलो, सातव्यांदा फळा पुसला.

दुपारी सटवा धनगर शेळ्या सोडून आला.

"मास्तर, साहेब यायलाय."

"आणि पोरं?"

"पोरंबी यायलीत. साहेबाच्याच मागं. रांगेत."

"साहेबाच्या मागं कावून?"

"साहेबाला लई आवडली. म्हनला, आंबेटाक्याच्या पोरान्ला जरा दाखवू, शाळा कशी असती ते."

मी बाहेर पाहिलं. पलीकडच्या उतारावर पुढं दमणी होती आणि मागं चाळीस टोप्या. माझी शाळा माझ्या शाळेला लाजवायला निघाली होती. वाळूत दमणीचं चाक रुतलं, एवढंच बरं झालं.

"सटवा, बस."

"कुठं?"

"पहिलीत."

साहेब येणार म्हणून आप्पाराव पाटलांनी त्या दिवशी सटवाशिवाय कुणाला रानात जाऊ दिलं नव्हतं. मी दारोदार पळालो. बाप्ये आले, बाया आल्या. पाटील स्वतः आले, पण मागं बसायला तयार होईनात, म्हणून त्यांना हुशार विद्यार्थ्याच्या जागी बसवलं. कडूबाई म्हातारी काठी टेकत आली.

"मला काई इचारलं तर?"

"माहीत न्हाई म्हणा. सगळे विद्यार्थी तेच म्हणतात."

साहेब आत आले. त्यांच्यामागं रहमतुल्ला मास्तर आले, चाळीस पोरं भिंतीला उभी राहिली आणि त्यातली आमची खाली बसलेल्या आपापल्या आईबापांकडं बघू लागली. साहेबांनी बसलेल्यांकडं बघितलं.

"वयानं मोठे दिसतात."

"उशिरा दाखल झाले, साहेब. शाळाच उशिरा निघाली."

साहेबांनी खिशातून हुकूम काढून वाचला. त्यात वयाबद्दल काही नव्हतं. हुकुमात नाही ते विचारायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी छबुबाईकडं बोट केलं.

"सात आठे?"

"कशाचे?"

"कशाचेही."

"कशाचेबी कसं? जवारीच्या पायल्या असतील तर छप्पन. शेळ्या असतील तर चौपन. दोन लांडगा नेतोच."

साहेबांनी ते लिहून घेतलं.

"बराबर हाय, आई," बंकट भिंतीपासून म्हणाला.

साहेब वळले. "हैदर, ही तुझी आई?"

"व्हते साहेब," छबुबाई म्हणाली. "दोन दिस झाले, ह्यो माजा न्हाई."

रहमतुल्ला मास्तर खाकरले. "हुजूर, वरच्या वर्गातल्या मुलींना लहान मुलं आईच म्हणतात. आमच्याकडची अदब."

साहेबांनी मान हलवली आणि मोजायला सुरुवात केली. त्रेचाळीस भरले. कडूबाईला दोनदा मोजलं असावं, कारण ती मधेच जागा बदलून सावलीत बसली. साहेबांनी माझा जुना पट बाजूला सारला, स्वतःच्या हातानं एकेक नाव विचारून नवा लिहिला आणि शिक्का मारला.

"दोन्ही शाळा कायम. वाढ समाधानकारक," ते म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की मी आठव्यांदा फळा पुसला. मग ते म्हणाले, "पुढची तपासणी न कळवता होईल. ज्याचं नाव ज्या पटावर, तो त्याच शाळेत दिसला पाहिजे. एक जरी इकडचा तिकडं सापडला, तर दोन्ही बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची एकवीस पोरं घोडकवाडीला गेली, कारण त्यांची नावं तिकडं होती. आंबेटाक्याची शाळा वाचली होती. तिच्यात एकही पोर नव्हतं.

महिन्यानं नदीला पाणी आलं. पोरांना खांद्यावरून पलीकडं कोण नेणार, असा प्रश्न निघाला. नेणारे सगळे शाळेत होते. शेवटी पाटलांनी रोज सकाळी आणि संध्याकाळी चार विद्यार्थ्यांना नदीवर जायची रजा मागितली, आणि मी ती अर्ज लिहून घेऊन दिली. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. तीन ओळींना दोन दिवस लागले.

काल पोरं परतली तेव्हा आमचा वर्ग सुटला नव्हता. एकवीस जणं ओल्या कपड्यांनी चावडीच्या दारात उभी राहिली.

"मास्तर, आईला सोडा की. भूक लागली."

मी छबुबाईला म्हणालो, "जा, सुट्टी."

तिनं पाटीवरून मान वर केली नाही.

"थांब रे जरासा," ती पोराला म्हणाली. "माजा ख राह्यलाय."