ठिपकीचा पहिला मान

मी एक जुनी काळी वाटी आहे. मित्रांनो, काळी म्हणजे मळलेली नव्हे. मला मुद्दाम आतून काळा मुलामा दिला आहे. गाईचं दूध काढण्याआधी प्रत्येक सडाच्या पहिल्या एक-दोन धारा माझ्यात घेतात. दुधात बारीकशी गुठळी असली, तरी काळ्यावर ती लगेच दिसते. ते दूध मग फेकून देतात, आणि पुढचं चांगलं दूध किटलीत जातं.

त्या किटलीचं नाव काढलं तरी माझ्या अंगाची लाही लाही होते. तिला गरम पाण्याने आंघोळ, तिला अंगणातलं ऊन. घरातला जो तो तिच्यात डोकावून विचारणार, आज किती भरली? मला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नाही.

पण त्या गोठ्यात जळणारी मी एकटीच नव्हते. घरात दोन जावा होत्या आणि गोठ्यात बऱ्याच गाई. धारा काढायचं काम थोरलीकडे. तिची लाडकी गाय ठिपकी, म्हणून पहिली धार ठिपकीची. धाकटीने माहेराहून भुरी आणली होती. भुरी ठिपकीपेक्षा जास्त दूध द्यायची आणि तेच थोरलीच्या डोळ्यांत खुपायचं. भुरी कितीही हंबरली तरी तिचा नंबर ठिपकीनंतरच.

पावसाळ्यात गोठ्यातलं अंथरलेलं गवत ओलंच राहिलं. कोरडं कुणी पसरायचं, यावरून दोघींची धुसफूस चालली होती, म्हणून कुणीच पसरलं नाही. एका सकाळी ठिपकीच्या मागच्या सडातून माझ्यात पांढऱ्या गुठळ्या पडल्या. मला वाटलं, आज माझा दिवस! आता किटलीला कोण विचारतंय? पण थोरलीने इकडेतिकडे पाहिलं आणि मला झटकन उपडं केलं.

धाकटीने पाहिलंच होतं. ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, ठिपकीला आज शेवटी घेऊया."

"म्हणजे तुझी भुरी पहिली? बरी संधी साधलीस."

 थोरलीने त्या सडाचं दूध बाहेर टाकलं, एवढं मात्र केलं. मग त्याच हातांनी ती भुरीकडे वळली आणि त्याच फडक्याने तिची कास पुसली.

काही दिवसांतच भुरीच्या कासेचा एक भाग तापला आणि दगडासारखा टणक झाला. लोक या रोगाला दगडी म्हणतात, ते उगीच नाही. गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी सांगितलं की जंतू हातांवरून आणि फडक्यावरून एका गाईकडून दुसरीकडे जातात. आजारी गाय नेहमी शेवटी घ्यायची, प्रत्येकीला वेगळं फडकं वापरायचं, हात साबणाने धुवायचे आणि गाईखाली कोरडं ठेवायचं. औषधं चालू असेपर्यंत दोन्ही आजारी गाईंचं दूध टाकून द्यायचं होतं. किटली अर्धीही भरेना. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ठिपकी बरी झाली. भुरीची धार आता धाकटी स्वतः काढू लागली. तीन सडांच्या धारा माझ्यात पडायच्या. चौथं सड आटलं, ते आता परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी धाकटी मला खाली धरून ते पिळत बसायची. माझ्या काळ्या तळावर थेंबही पडायचा नाही. तेव्हा मला किटलीची आठवणसुद्धा व्हायची नाही.

एके दिवशी थोरली मागे येऊन उभी राहिली. तिने ते पाहिलं आणि ती धाकटीशेजारी बसली.

"भुरी आधी गेली असती तर माझं काय जाणार होतं गं?"

धाकटी उठली. मला उचलून ती पुढच्या गाईकडे गेली.

आता या गोठ्यात धडधाकट गाई आधी आणि आजारी शेवटी. मान कुणालाच नाही. मित्रांनो, माझ्यासारख्या वाटीत काही दिसलं तर ते लपवू नका. कुणाची गाय आहे ते नंतर बघा, आधी हात धुवा. किटली पुन्हा काठोकाठ भरते आणि मी तिच्यावर आजही जळते. पण माझ्या जळण्याने कुठल्या गाईचं सड आटत नाही. माणसांच्या जळण्याने आटतं.