उजेडाचं गाऱ्हाणं

"पण देवाक नेमकां सांगूचां काय गो?" हातातला नारळ सावरत आमच्या यांनी सायलीला विचारलं.

लेक पुण्याच्या प्रयोगशाळेतून आमच्या पाळी गावी आली होती. पीएचडी एका चिपेवर अडकलेली. बापासारखीच हट्टी, तुळशीपुढे बसून समजावत राहिली.

"चिपेत दोन आरसे समोरासमोर, बाबा. मधी उजेड अडकता नि पदार्थात मिसळता. अर्धो उजेड, अर्धो पदार्थ, असे कण होतत. गर्दी वाढली काय सगळे एकाच ठेक्यार येवक होये. माझ्या चिपेत येणत नाय."

"म्हणजे गाऱ्हाण्यासारखां! एकान सांगूचां, सगळ्यांनी एका सुरात होय म्हाराजा म्हणूचां."

"देवाक चिपेतलां काय डोंबल कळतां?" मी करवादले. "आधी खोकलो बरो होवंदे म्हणा."

जन्मभर खाणीवर ट्रक हाकून यांची छाती पार गेली होती. पण ऐकतील तर ना! शेजारच्या बाबलीभावजींना हाक मारली आणि उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, माझ्या चेडवाच्या आरशातलो उजेड एकजीव कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तसां झालां तर ह्योच नारळ तुझ्यापुढे फोडीन रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" नाइलाजाने मीही म्हटलं.

"नि सोतासाठी?" नंतर मी विचारलं.

"एका नारळात दोन कामां सांगूची नसतत," ते म्हणाले आणि खोकत आत गेले.

दिवाळीआधीच ते गेले. नारळ देव्हाऱ्यात तसाच राहिला.

शिमगा झाल्यावर एका दुपारी सायलीचा फोन आला. "आई, झालां! सगळे एका ठेक्यार इले! बाबांक दी गे फोन..."

तोंडून गेलं आणि ती थांबली. मग आम्ही दोघी रडत राहिलो.

बोललेला नारळ ठेवून चालत नाही. बाबलीभावजी म्हणाले, "वयनी, मी फोडतंय." मी नको म्हटलं. आमच्या घरात बाईने कधी गाऱ्हाणं घातलेलं नाही. फोन चालू ठेवून तुळशीच्या कट्ट्यावर टेकवला, पदर खोचला.

"तेंनी मागलेलां तू दिलंस रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," फोनमधून सायली, मागून बाबलीभावजी. सूर काही जुळला नाही.

माझंही एक सांगायचं होतं, अगदी ओठांवर आलं होतं. पण एका नारळात दोन कामं सांगत नाहीत.

मी नारळ फोडला. आतलं पाणी केव्हाच आटलं होतं.