पलटणीची किटली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची किटली आहे. ओमानमधल्या निझवा गावाच्या बाजारात सिराजभाईंच्या दुकानात खिळ्याला टांगलेली असते. शेजारी चोचीच्या पितळी ओमानी कॉफीदाण्या ऐटीत उभ्या असतात. पर्यटक त्यांचे फोटो काढतात आणि मला बघून विचारतात, "ही इथे कशी आली?" गोष्ट लांबची आहे. बसा, सांगते.

माझा जन्म अमेरिकेतला. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी तिथे एकाच देशातल्या माणसांमध्ये मोठे युद्ध पेटले. गावोगावचे शेतकरी, सुतार, मास्तर आपणहून सैन्यात भरती झाले. कोणी देश एक राहावा म्हणून गेले, कोणी माणसांना गुलाम करून विकण्याची रीत बंद व्हावी म्हणून, तर कोणी नुसते शेजारचा गेला म्हणून. अशाच स्वयंसेवकांच्या एका पायदळ पलटणीसाठी मला घडवले गेले. सार्जंट हॉब्स नावाच्या सुताराने मला आपल्या पाठपिशवीला बांधले आणि मी युद्धावर निघाले.

मी कधी गोळी झाडली नाही. पण चिखल तुडवून दमलेली माणसे मुक्कामाला पोचली की पहिली हाक मलाच मारत. कॉफीचे दाणे बंदुकीच्या दस्त्याने माझ्यातच कुटले जात. माझ्या तळाचे पोचे त्याचे आहेत. शत्रूने मला कधी हात लावला नाही, ठोकले ते आपल्याच माणसांनी!

कॉफीची वाटणी मात्र बघण्यासारखी असे. घोंगडीवर दाण्यांचे सारखे ढीग मांडायचे. हॉब्स त्यांच्याकडे पाठ करून बसायचा. दुसरा शिपाई एकेका ढिगावर बोट ठेवून विचारायचा, "हा कोणाचा?" हॉब्स न बघता एकेक नाव घ्यायचा. ढीग दिसतच नसल्याने कोणाला झुकते माप देता येत नसे, म्हणून भांडण होत नसे.

एकदा नदीकाठी दिवसभर लढाई झाली. संध्याकाळी नेहमीसारखे ढीग मांडले गेले. "हा कोणाचा?" दमलेल्या हॉब्सच्या तोंडून सवयीने नाव निघाले, "वॉल्टर." कोणीच हात पुढे केला नाही. वॉल्टर नदीकाठावरच राहिला होता. हॉब्सने मागे वळून पाहिले नाही. मग तो हळूच म्हणाला, "त्याचा वाटा किटलीत घाला. सगळे मिळून पिऊ." त्या दिवसापासून पलटणीत तोच नियम झाला.

युद्ध संपले. गुलामांच्या बेड्या तुटल्या. मी हॉब्सच्या घरी आले. तो होता तोवर माझा मान राहिला. पुढे कोणी माझ्यात खिळे ठेवले, कोणी कोंबड्यांचे दाणे. पुष्कळ वर्षांनी त्याच्या पणतूने मला पुसून घेतले. तो खडक तपासायच्या कामावर ओमानला आला, तेव्हा मीही त्याच्या सामानात आले. निझव्यात त्याची रत्नागिरीच्या इसाकभाईंशी मैत्री जमली. ते सिराजभाईंचे वडील. परत जाताना त्याने मला त्यांच्या हाती दिले आणि माझी सारी कहाणीही सांगितली.

इसाकभाईंनी मला आतून कल्हई करून घेतली. दुपारची नमाज झाली की माझ्यात बिनदुधाचा सुलेमानी चहा उकळे आणि अख्ख्या गल्लीला मिळे. निदा ही त्यांची नात, सिराजभाईंची मुलगी. आजोबांना ती दादा म्हणायची. ती त्यांच्या मांडीवर बसून पलटणीची गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायची.

मग इसाकभाई गेले. मला खिळ्यावर टांगले गेले ते तसेच. माझ्यावर धूळ चढली, आणि सिराजभाई व त्यांचा धाकटा भाऊ सुफियान यांच्यातही बोलणे कमी झाले. सुफियानला मस्कतमध्ये स्वतःचे दुकान काढायचे होते. शेवटी एका शुक्रवारी माल वाटून घ्यायचे ठरले. चटईवर ढीग मांडले गेले आणि मलाही खिळ्यावरून उतरवून कडेला ठेवले.

"चांगल्या कॉफीदाण्या बरोब्बर तुझ्याकडे सरकल्यात रे," सिराजभाई म्हणाले.

"मग तुम्हीच वाटा, भाईजान. नाहीतरी माझं कधी ऐकलंय?"

"आवाज खाली!"

"बघा, हेच!"

सिराजभाईंची बायको नसीबा वैतागली. "सकाळपासून एका धूपदाणीवर अडलाय दोघं. यापेक्षा शाळेतली पोरं बरी."

तेव्हा निदा उठली. ती मस्कतला शिकते, मराठी जरा अडखळत बोलते. "अब्बू, दादांचं ते आर्मीवालं करू या ना? मी बॅक करून बसते. अम्मी विचारेल."

ती भिंतीकडे तोंड करून बसली. नसीबाने पहिल्या ढिगावर बोट ठेवले. "हे कोणाचं?"

"चाचांचं."

"हे?"

"अब्बूंचं."

मग कित्येक वर्षे न विकला गेलेला पितळी कोंबडा सुफियानच्या वाट्याला आला. "या अल्ला! हा माझ्याच नशिबी?"

"तूच आणलेलास," सिराजभाई म्हणाले. "म्हणे, बघा, हातोहात जाईल!"

कितीतरी महिन्यांनी दोघे एकदम हसले. पण शेवटी चटईवर मी एकटीच उरले, आणि हसू थांबले. वडिलांची किटली दोघांनाही हवी होती. माझा जीव धास्तावला. जो मला नेईल, त्याच्याशी दुसरा कायमचा अबोला धरील. हे भाऊ माझ्यावरूनच तुटणार की काय?

नसीबाने मला हात लावला. तारेची दांडी किणकिणली. निदाने तो आवाज ओळखला.

"हे कोणाचं?"

"दादांचं," ती म्हणाली.

कोणीच हात पुढे केला नाही. निदा भिंतीकडेच बघत राहिली. नदीकाठची ती संध्याकाळ मला आठवली.

"भाईजान," सुफियान म्हणाला, "ज्याचा वाटा उचलला जात नाही, तो..."

"माहीत आहे मला. मीही तीच गोष्ट ऐकत मोठा झालोय." सिराजभाईंनी मला उचलले, धूळ पुसली, नीट धुतले. "यल्ला, चल, चहापत्ती कुठे आहे बघ. आणि शेजारच्यांना हाक मार."

आता सुफियानचे दुकान मस्कतला आहे. कोंबडा तिथेही अजून विकला गेलेला नाही. पण दर शुक्रवारी सुफियान निझव्याला येतो आणि माझ्यात चहा उकळतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही कधी वाटण्या होतील. तेव्हा एखादी जुनी वस्तू कोणाच्याच वाट्याला घालू नका, सगळ्यांची राहू द्या. आणि तिला नुसती टांगून ठेवू नका, वापरा. चहा झाला की धुऊन कोरडी करा. आम्हा पत्र्याच्या भांड्यांना आगीची भीती नसते. आम्ही गंजतो ते कोणी विचारेनासे झाले की.